माळ्यावरचा स्पेक्ट्रम, टेपमधला गेम आणि त्या रंगीत पट्ट्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडिलांच्या माळ्यावर रबरी बटणांचा काळा झेडएक्स स्पेक्ट्रम (ऐंशीच्या दशकातला, टीव्हीला जोडायचा इंग्लंडचा घरगुती कॉम्प्युटर) सापडला, सोबत सात-आठ साध्या ऑडिओ कॅसेटी, आणि या गाण्याच्या कॅसेटीतून गेम यायचा तरी कसा, लोड होताना टीव्हीच्या कडेला रंगीत पट्ट्या का नाचायच्या, ४८ केबी (किलोबाइट) मेमरीत अख्खा गेम मावायचा कसा, आमच्या लहानपणच्या मारिओच्या कॅसेटीत तर टेप नव्हतीच मग ती कॅसेट कसली, आणि आता हे चालू करून बघू का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. थांबा. घरातला कुठलाही अ‍ॅडॅप्टर उचलून त्याला लावू नका.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाहीये. मी ऐंशीच्या दशकात टीव्ही आणि टेपरेकॉर्डर रिपेअरिंगला लागलो आणि पहिला स्पेक्ट्रम माझ्या टेबलावर आला तो १९८७ मधे, एका गिऱ्हाइकाच्या मेव्हण्यानं इंग्लंडहून आणलेला. त्याचा अ‍ॅडॅप्टर हरवला होता. मी दुकानातला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर काढला, पिन बसते का बघितली, बसली, बटण दाबलं. आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही. मशीन मेलं होतं. स्पेक्ट्रमच्या पिनला आतला भाग निगेटिव्ह असतो आणि बाहेरचा पॉझिटिव्ह, आपल्याकडच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरच्या बरोब्बर उलटं. आणि उलटा करंट अडवायला आत एक साधा डायोडही नाही! चार आण्याचा डायोड. मला तेव्हा प्रचंड राग आला होता, कुठल्या शहाण्यानं हे बनवलंय म्हणून. पुढे अशी बरीच मशीन उघडली तेव्हा कळलं की तो डायोड विसरले नव्हते, वाचवला होता. या मशीनमधलं जे जे विचित्र दिसेल ना, त्याच्यामागे असा कुठला तरी वाचवलेला पैसा सापडतो. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

आधी किंमती बघा. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं १९८० मधे झेडएक्स८० काढला, तयार मशीन ९९.९५ पौंडाला, म्हणजे शंभराच्या पाच पेन्स आत (बाटाच्या चपलांची किंमत आठवली की नाही). त्याच्यात २१ चिप होत्या. पुढच्या वर्षीच्या झेडएक्स८१ मधे त्या २१ च्या ४ केल्या आणि किंमत ६९.९५ वर आणली. आणि मग २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम आला, १६ केबीचा १२५ पौंड, ४८ केबीचा १७५. त्याच वेळी इंग्लंडच्या शाळांमधे जाणारा दुसरा कॉम्प्युटर बीबीसी मायक्रो, त्याचं मॉडेल बी, ३९९ पौंडापर्यंत गेलं होतं. बीबीसी मायक्रो मशीन म्हणून कितीतरी मजबूत, कीबोर्ड खरा, सगळ्या गोष्टी जोडायला सॉकेट, पण मध्यमवर्गीय बाप पोराला वाढदिवसाला घेऊन देणार तो १२५ वालाच ना.

तर पैसे वाचवले कुठे कुठे. हार्डवेअर रिचर्ड आल्टवॉसर यांचं, आतली बेसिक भाषा लिहिली स्टीव्ह व्हिकर्स यांनी, बाहेरचं ते रबरी देखणं रूप रिक डिकिन्सन यांचं. कीबोर्ड म्हणजे एकच रबराचा तुकडा, ४० बटणांचा, आणि त्याच्याखाली प्लॅस्टिकचे थर, बास. प्रोसेसर झेड८०ए, ३.५ मेगाहर्ट्झ. त्याच्या शेजारी फेरांटी कंपनीची एक मोठी चिप, तिला यूएलए म्हणतात, टीव्हीचं चित्र, कीबोर्ड, टेप, आवाज सगळी कामं ती एकटी बघते. एकत्र कुटुंबातली मोठी सून समजा.

मला सगळ्यात जास्त आवडणारी काटकसर मेमरीची आहे. ४८ केबीतले खालचे १६ केबी ४११६ नावाच्या ८ चिपमधे. वरचे ३२ केबी पण ८ चिपमधे, पण या ८ चिप मुळात ६४ किलोबिटच्या, म्हणजे दुप्पट मापाच्या, कारखान्याच्या टेस्टमधे अर्धा भाग नापास झालेल्या! चिप बनवणारा तो अर्धा खराब माल स्वस्तात विकायचा. अट एकच, की आठही चिपचा एकाच बाजूचा अर्धा भाग चांगला पाहिजे, आणि कुठला अर्धा वापरायचा ते बोर्डवरच्या एका तारेच्या तुकड्यानं ठरायचं. संध्याकाळी मंडई उठताना डागाळलेली वांगी निम्म्या भावात घेऊन चांगला भाग चिरतात तसंच. तुमचा जर ४८ केबीचा असेल तर त्याच्यात हीच वांगी आहेत, आणि एखादी चिप बदलायची वेळ आली तर ही तार कुठे जोडलीय ते आधी बघायला लागतं, नाहीतर नवीन चिप घालूनही मशीन उठत नाही आणि माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. मी बसलोय.

आता टेप. फ्लॉपी ड्राइव्ह तेव्हा कॉम्प्युटरपेक्षा महाग पडायचा, आणि कॅसेट प्लेअर घरोघरी होताच, मग तोच वापरा. पण टेपवर आवाज रेकॉर्ड होतो, आकडे कसे होणार? स्पेक्ट्रमनं सोपं केलं. सिग्नल वर-खाली, वर-खाली, असा चौकोनी उड्या मारतो आणि प्रत्येक उडी किती वेळ टिकली एवढंच मोजायचं. ० लिहायचा तर दोन छोट्या उड्या, प्रत्येकी प्रोसेसरचे ८५५ ठोके. १ लिहायचा तर दोन लांब उड्या, १७१० ठोक्यांच्या, म्हणजे बरोब्बर दुप्पट. सेकंदाला ३५ लाख ठोके, हिशेब केला तर ० चा सूर सुमारे २००० हर्ट्झचा आणि १ चा सुमारे १००० हर्ट्झचा पडतो, म्हणून ती टेप साध्या स्पीकरवर ऐकली की किर्रर्र खर्रर्र असा कान किटवणारा आवाज येतो, एकात एक मिसळलेले दोन सूर. असा एकेक ० किंवा १ म्हणजे एक बिट, आठ बिटचा एक बाइट, आणि वेग सरासरी सेकंदाला १५०० बिटच्या आसपास. म्हणजे ४८ केबी भरायला चार-साडेचार मिनिटं. लोड लिहायचं (जे-चं बटण दाबलं की आख्खा लोड शब्द उमटतो, एकेक अक्षर टाइप करावं लागत नाही), पुढे दोन अवतरणचिन्हं, एंटर, मग टेप सुरू, आणि मग हात जोडून बसायचं.

सुरुवातीला एक लांब सरळ शिट्टीसारखा सूर येतो, पाचेक सेकंद. हा पायलट, २१६८ ठोक्यांच्या एकसारख्या उड्या. तो काही सांगत नसतो, फक्त 'तयार रहा' एवढंच. मग एक छोटीशी खूण आणि लगेच १७ बाइटचं चिठ्ठीवजा हेडर, त्याच्यात प्रोग्रामचं नाव दहा अक्षरांचं, किती लांब आहे, कुठे ठेवायचं. मग पुन्हा थोडा पायलट, आणि मग खरा माल. शेवटी सगळ्या बाइटची मिळून एक पडताळणी, तिथे एक बिट जरी चुकलेला निघाला तर टेप लोडिंग एरर, आणि चौथ्या मिनिटाला आली तरी पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे तर याच्यात लाइट जाण्याचीही भर. अर्थात लाइट गेली तर टेपही थांबायची म्हणा, पण टेपला जे आठवतं ते मेमरीला थोडीच आठवतं.

आणि आता त्या पट्ट्या, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. लोकांना वाटतं ती सजावट होती, 'काहीतरी चाललंय' असं दाखवायला. तसं नाहीये. बघा, यूएलएशी बोलायला प्रोसेसरकडे एकच दार, पोर्ट नंबर २५४. त्या एका बाइटचे खालचे तीन बिट टीव्हीच्या कडेचा, म्हणजे बॉर्डरचा रंग ठरवतात, पुढचा एक बिट टेपवर रेकॉर्ड करतो, त्याच्या पुढचा आतला स्पीकर वाजवतो. आणि तेच दार उलटं वाचलं की कीबोर्डची बटणं आणि टेपचा आवाज आत येतो. अहो, पूर्ण पत्तासुद्धा ही चिप तपासत नाही, आकडा सम आहे का एवढंच बघते, २५४ काय नि २ काय, तिला सगळं सारखंच. वाचवल्या की नाही तारा!

टेप वाचणारा रॉममधला (म्हणजे कारखान्यातच चिपमधे कायमचा कोरलेला) प्रोग्राम सिग्नलची उडी पकडली रे पकडली की बॉर्डरचा रंग उलटा करतो. पायलट चालू असेल तर लाल आणि फिका निळा, डेटा असेल तर गडद निळा आणि पिवळा. आता टीव्हीचा किरण वरून खाली एकेक रेघ काढत येत असतो, एक रेघ म्हणजे प्रोसेसरचे २२४ ठोके. पायलटची एक उडी २१६८ ठोक्यांची, म्हणजे ती चालू असताना किरण जवळजवळ दहा रेघा खाली येतो, त्या दहा रेघा लाल. पुढची उडी, पुढच्या दहा निळ्या. म्हणून पायलटला जाडजाड एकसारख्या पट्ट्या. डेटा आला की ० ची उडी जेमतेम चार रेघांची, १ ची साडेसात रेघांची. म्हणजे बारीक पट्ट्यांची जोडी दिसली की तो ०, त्याच्या दुप्पट जाड दिसली की १. लक्षात येतंय का? टेपवरचा डेटा तुम्ही डोळ्यांनी टीव्हीच्या कडेला वाचत असता. सेकंदाला पन्नास वेळा चित्र बदलतं म्हणून आकडे वाचता येत नाहीत एवढंच, पण कॅमेऱ्यात एक फोटो पकडलात तर त्या फोटोतले बिट मोजता येतील.

आम्हा रिपेअरवाल्यांना याचा भयंकर उपयोग. पायलटला पट्ट्या सरळ, समान जाडीच्या, हळूहळू सरकणाऱ्या आल्या तर टेप नीट वाचली जातेय. थरथरल्या, मधेच एखादी बारकी पट्टी घुसली तर आवाज कमी-जास्त आहे किंवा टेप वाचणारं हेड घाण झालंय. काहीच पट्टी नाही तर वायर. सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप विकत घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा, ही पट्टी हाच आमचा स्कोप.

सगळ्यात जास्त त्रास हेडच्या तिरकेपणाचा. टेपचं हेड टेपला बरोब्बर काटकोनात लागलं पाहिजे, जरासं तिरकं झालं की आधी बारीक सूर मार खातात, म्हणजे नेमके आपले ०. गाणी ऐकताना कळत नाही, लता मंगेशकरांचा आवाज थोडा दबका वाटतो एवढंच, पण गेम लोड होत नाही. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवरचा बारीक स्क्रू असतो, बऱ्याच टू-इन-वनमधे प्लेचं बटण दाबल्यावर एका भोकातून दिसतो. टेप चालू ठेवून तो पाव-पाव फेरा फिरवायचा आणि किर्र आवाज जिथे सगळ्यात तीक्ष्ण, कानाला सगळ्यात त्रासदायक लागेल तिथे सोडायचा. गंमत अशी की एकाच्या कॅसेटला जुळवला की स्वतः आधी सेव्ह केलेल्या कॅसेटी चालेनाशा होतात, कारण त्या जुन्या तिरक्या हेडनं लिहिलेल्या. एक मुलगा यायचा, त्याच्या मित्राकडून आणलेल्या कॅसेटींसाठी हेड एका बाजूला आणि स्वतःच्यासाठी दुसऱ्या बाजूला, शेवटी मी त्याला त्या स्क्रूवर नेलपॉलिशच्या दोन खुणा करून दिल्या आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर फुकट दिला, म्हटलं तूच फिरव बाबा.

चित्राचं आता. ४८ केबी म्हणजे ४९,१५२ बाइट, आणि योगायोग बघा, स्पेक्ट्रमच्या चित्रात ठिपके पण २५६ गुणिले १९२ म्हणजे ४९,१५२च. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा म्हटलं, १६ रंगांसाठी अर्धा बाइट, तर २४ केबी नुसत्या चित्रातच गेले. मग केलं काय, ठिपका चालू की बंद एवढाच एक बिट ठेवला, त्याचे झाले ६१४४ बाइट. आणि रंग? पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींत वाटला, ३२ आडव्या, २४ उभ्या, प्रत्येक चौकटीला एक बाइट, त्याच्यात शाईचा एक रंग, कागदाचा एक रंग, उजळ का मंद आणि लुकलुकायचं का. ७६८ बाइटमधे सगळ्या पडद्याचे रंग! एकूण ६९१२. वाचवले १७ हजारांच्या वर.

पण मग एका चौकटीत दोनच रंग. पांढरा माणूस हिरव्या झाडासमोरून चालला की झाडाचा तो तुकडा पांढरा होतो नाहीतर माणसाचं डोकं हिरवं, आणि त्याच्यासोबत हा रंगाचा डाग चौकटी-चौकटीनं सरकत जातो. होळीनंतर पांढरा शर्ट घालून भिंतीला टेकल्यासारखं. लोक हसायचे याला, पण गेम लिहिणाऱ्यांनी त्याच्यातूनही वाटा काढल्या. अल्टिमेट कंपनीचा नाइट लोर, १९८४ चा, तिरक्या कोनातून दिसणाऱ्या त्रिमितीय खोल्या, तेव्हा बघून आम्ही गार झालेलो, त्याच्यात एका खोलीला एकच रंग. रंगांची मारामारीच नको, सगळं शाई आणि कागद, बास.

लोडिंगच्या वेळी चित्र कसं यायचं आठवतंय का वडिलांना विचारा. वरून खाली सरळ नाही, आधी वरच्या एक तृतीयांश भागात खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यासारख्या लांब-लांब रेघा, मग त्यांच्या मधल्या, मग पुढचा तृतीयांश, आणि काळंपांढरं चित्र पूर्ण झालं की शेवटी रंग भराभर वरून खाली ओतल्यासारखे. तो क्रम असा विचित्र का, तर यूएलएला प्रत्येक आठ ठिपक्यांसाठी एक बाइट चित्राचा आणि एक रंगाचा उचलायला लागतो, आणि त्या स्वस्त मेमरीत एवढा वेग नव्हता. पण पत्त्याचा खालचा निम्मा भाग दोन्हीसाठी सारखा ठेवला तर चिप दुसरा बाइट पटकन देते, पुन्हा सगळा पत्ता सांगावा लागत नाही. म्हणून मेमरीतली मांडणीच तशी केली. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर ३७ सेकंद जी खिडकी भरत असायची तीही मेमरी चिपच्या किमतीमुळे.

गेम ४८ केबीत कसा बसवायचे याचं एकच उदाहरण देतो, कारण ते मी स्वतः बाइट-बाइट उघडून बघितलंय. मॅनिक मायनर, १९८३, मॅथ्यू स्मिथ नावाच्या जेमतेम विशीच्या आतल्या पोरानं लिहिलेला. २० गुहा आहेत, प्रत्येक गुहेला १०२४ बाइट, एकही जास्त नाही. त्या १०२४ मधले पहिले ५१२ म्हणजे गुहेचा नकाशा, ३२ बाय १६ चौकटी. आणि हा नकाशा वेगळ्या कुठल्या खुणांनी नाही लिहिलेला, तो त्या चौकटींच्या रंगांचाच आहे! अमुक रंगाचा बाइट दिसला म्हणजे तिथे भिंत, तमुक म्हणजे फरशी, तमुक म्हणजे ढासळणारी जमीन, प्रत्येकीचं चित्र ८ बाइटचं एकदाच ठेवलेलं. रंग द्यायलाच लागणार होता, मग त्यालाच नकाशा केला. आजच्या फोनवरचा एक फोटो घ्या, त्याच्यात असे कित्येक गेम मावतील. आणि वर सलग संगीत, ज्या स्पीकरला फक्त आत-बाहेर एवढंच कळतं त्याच्यावर, आणि तेही खेळाच्या दोन हालचालींच्या मधल्या फटीत वाजवलेलं.

मारिओच्या कॅसेटीचं पटकन सांगतो. तुमच्या पिढीला 'व्हिडिओ गेम' म्हणून मिळाला तो बहुतेक जपानच्या फॅमिकॉमची नक्कल, समुराय, लिटल मास्टर वगैरे नावांनी आलेली. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानमधे आला, १४,८०० येनला. त्याचं कार्ट्रिज आपण सगळ्यांनी 'कॅसेट' म्हणायचं ठरवलं कारण प्लॅस्टिकची डबी आत खुपसायची वस्तू आपल्याला तीच माहीत, पण आत टेपबिप काही नाही, रॉमची चिप. ती थेट प्रोसेसरच्या तारांना जोडली जाते, लोड करायचंच काही नसतं, म्हणून बटण दाबल्या दाबल्या गेम. मारिओ ४० केबीचा, म्हणजे स्पेक्ट्रमपेक्षा काही मोठा नाही, पण मशीनची स्वतःची मेमरी अवघी २ केबी आणि चित्रासाठी वेगळी २. तिथे माणसं-राक्षस काढायला वेगळं हार्डवेअर होतं, म्हणून झाडाचा रंग मारिओला लागत नव्हता. पण तिथेही मर्यादा, एका आडव्या रेघेत असे आठच तुकडे, नववा आला की दिसत नाही, म्हणून गर्दी झाली की राक्षस लुकलुकायचे. आणि ढग आणि झुडपं एकाच आकाराची, रंग तेवढा पांढरा का हिरवा, नीट बघा. स्वस्त कॅसेटी उघडल्या की तर चिपही दिसत नाही, काळ्या डांबरासारखा एक थेंब. तिला फुंकर मारून काही होत नाही बरं का, तोंडातल्या वाफेनं जोडणीचे पत्रे गंजतात फक्त. चालायची ती काढून पुन्हा घातल्यानं. खोडरबर घासा आणि स्पिरिटनं पुसा.

जाता जाता एक. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स कंपनीनं लायसन्स घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला होता, आणि १९८४ ला सुरू झालेल्या क्लास नावाच्या सरकारी योजनेतून शाळांमधे बीबीसी मायक्रो गेले होते. तुमच्या मशीनवर डीबी लिहिलेलं असेल, बटणं कडक प्लॅस्टिकची असतील, तर ते इंग्लंडचं नाही, इथलं. पण तुम्ही रबरी म्हणताय म्हणजे बहुतेक परदेशातूनच आलंय, आणि मग टीव्हीचीही एक भानगड आहे. त्याची वायर टीव्हीच्या अँटेनाला लागते, सिग्नल यूएचएफच्या ३६ नंबर चॅनेलवर, आणि आपले तेव्हाचे बरेच टीव्ही फक्त व्हीएचएफ पकडायचे. लोक म्हणायचे मशीन खराब आहे. काही खराब नसायचं. आम्ही मागच्या पत्र्याच्या डबीत जाणारा व्हिडिओ सिग्नल सरळ बाहेर काढून द्यायचो. तुमच्या टीव्हीला पिवळं सॉकेट असेल तर तुम्हीही तेच करून घ्या, इंग्लंड आणि आपण दोघंही 'पाल' या रंगीत टीव्ही पद्धतीचे, रंग नीट येतात, आणि आवाज मशीनच्या पोटातल्या स्पीकरमधूनच येतो, त्यामुळे तोही प्रश्न नाही.

तर आता काय करायचं. मूळ अ‍ॅडॅप्टर असेल तर मल्टिमीटर लावा, मोकळा मोजला तर ९ ऐवजी १२-१३ दाखवेल, घाबरू नका, तो तसाच असतो. पिनचा आतला भाग निगेटिव्हच आहे ना एवढं पक्कं करा. मग उघडून (खालचे स्क्रू काढून वरचा भाग हळूच, अगदी हळूच उचलायचा, कीबोर्डच्या दोन पारदर्शक पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि चाळीस वर्षांनी त्या पापडासारख्या मोडतात, मोडल्या तर नवीन मिळतात, जीवाला लावून घेऊ नका) कपॅसिटर फुगलेत का, खाली काही गळलंय का बघा. मग पॉवर देऊन लगेच खालच्या मेमरीच्या ४११६ वर मीटर लावा, पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५ व्होल्ट. उणे ५ आला नाही तर त्याच क्षणी बंद करा, कारण बाकीचे दोन चालू आणि तो नाही अशा अवस्थेत या चिप तापून मरतात. यातले उणे ५ आणि १२ बनवणारा छोटा ट्रान्झिस्टर हा त्या बोर्डावरचा ठरलेला पेशंट. सगळं बरोबर असेल तर पडदा क्षणभर काळा, मग पांढरा, आणि खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ. आणि मागच्या उघड्या कनेक्टरला मशीन चालू असताना काहीही जोडायचं नाही, काढायचं नाही.

कॅसेटी मात्र लगेच वाजवू नका. आपल्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते, खिडकीतून उजेडात बघा, दिसली तर आधी एखाद्या जाणत्याकडून साफ करून घ्या, नाहीतर हेडही जाईल आणि टेपही. हेड स्पिरिटनं पुसून घेतलेल्या डेकवर प्रत्येक टेप एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर वेव्ह फाइलमधे रेकॉर्ड करायची, एमपीथ्री नको, ते आवाज दाबताना नेमक्या उड्यांच्या कडा बिघडवतं. डेकवरचं डॉल्बी, म्हणजे खरखर दाबणारं बटण, बंद. मग तीच फाइल फोनमधून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला द्या, व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण, फोनचा चार्जर काढून, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे आवाज बंद करून, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला कोणाचं तरी 'शुभ सकाळ' येईल आणि एरर.

लाल-निळ्या पट्ट्या सरळ आल्या आणि तरी लोड होत नसेल तर बॉर्डरचा एक फोटो काढून इथे टाका, पट्ट्यांची जाडी बघून सांगतो कुठे अडलंय.